विद्यार्थी संशोधन प्रदर्शन

पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी केलेले संशोधन प्राध्यापक, सहाध्यायी आणि बाहेरच्या पाहुण्यांपुढे मांडण्यासाठी विद्यापीठाने भरवलेला जाहीर कार्यक्रम. तो बहुधा सत्राच्या किंवा शैक्षणिक वर्षाच्या अखेरीस होतो. वरवर पाहता त्याची ठेवण तज्ज्ञांच्या परिषदेसारखीच असते, पण श्रोते निराळे. परिषदेला येणारा त्याच विषयात मुरलेला असतो; इथे रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीपुढे इतिहासाचे प्राध्यापक, प्रथम वर्षातला एखादा मुलगा आणि उद्योगातून आलेले परीक्षक पाठोपाठ येऊन उभे राहतात. सादरीकरणाच्या बहुतेक अडचणी या मिश्र श्रोतृवर्गामुळे उद्भवतात, आणि त्यातली गंमतही त्याच्यामुळेच आहे.

संशोधन हे पीएच.डी. करणाऱ्यांचे काम, पदवीच्या विद्यार्थ्याने झालेले संशोधन फक्त शिकायचे, ही समजूत विद्यापीठांत दीर्घकाळ टिकून होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये (एमआयटी) तिथल्या प्राध्यापिका मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये पदवी विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या चालू संशोधनात सामील करून घेणारा उपक्रम सुरू केला. पुढे तो अनेक विद्यापीठांसाठी नमुना ठरला. १९७८ मध्ये ‘कौन्सिल ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च’ ही संघटना स्थापन झाली. पदवी विद्यार्थ्यांच्या संशोधनाची अमेरिकेतील पहिली राष्ट्रीय परिषद १९८७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या अ‍ॅशव्हिल येथील शाखेत भरली. संशोधन करणाऱ्या विद्यापीठांनी पदवी शिक्षणही शोधावर आधारित ठेवावे, असा आग्रह अमेरिकेतील पदवी शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या बॉयर आयोगाने १९९८ मध्ये धरला, तेव्हा या प्रयत्नांना आणखी बळ मिळाले. ब्रिटनमधील अशा स्वरूपाची परिषद २०११ पासून भरते.

सहभागाची सुरुवात गोषवाऱ्याने होते. साधारण १५० ते ३०० शब्दांत प्रश्न, पद्धत, निष्कर्ष आणि त्यांचे महत्त्व सांगायचे असते. गोषवारा पाठवण्याची मुदत कार्यक्रमाच्या बरीच आधी संपत असल्याने तो अनेकदा हाती निष्कर्ष येण्यापूर्वीच लिहावा लागतो. ‘निष्कर्षांची चर्चा केली जाईल’ हे पोकळ वाक्य त्यामुळेच इतके बोकाळले आहे. त्याऐवजी प्राथमिक निरीक्षणे तशीच नोंदवलेली केव्हाही बरी. गोषवाऱ्याला मार्गदर्शकाची संमती लागते. संशोधनात माणसांकडून माहिती घेतली असेल, तर संशोधनातील नैतिक बाजू तपासणाऱ्या नीतिसमितीची मान्यता ती माहिती गोळा करण्यापूर्वीच मिळालेली असावी लागते, प्रदर्शनाच्या तोंडावर नव्हे.

सादरीकरणाचा सर्वाधिक रुळलेला प्रकार म्हणजे पोस्टर. मोठ्या वैज्ञानिक परिषदांत निबंधांची संख्या वाढली, सभागृहे आणि तास मात्र वाढवता येईनात; या अडचणीवर तोडगा म्हणून १९७० च्या दशकात पोस्टरची पद्धत पसरली. त्याचा प्रचलित आकार ए-० म्हणजे ८४१ × ११८९ मिलिमीटर. शीर्षक चार-पाच मीटरवरून वाचता यावे आणि मजकुराचा टंक २४ पॉइंटच्या खाली जाऊ नये, असा संकेत आहे. तरीही प्रकल्पाचा अहवाल कापून चिकटवलेली, बारीक अक्षरांनी गच्च भरलेली पोस्टर सर्रास दिसतात. काही वगळले तर केलेले काम कमी दिसेल, ही भीती त्यामागे असते. पाहुणा मात्र पोस्टरपुढे काही मिनिटेच थांबतो. माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने २०१९ मध्ये यावर एक आराखडा सुचवला : मधोमध ठळक अक्षरांत साध्या भाषेतला एकच निष्कर्ष, बाजूला तपशिलाची अरुंद पट्टी आणि पूर्ण निबंधाकडे नेणारा क्यूआर कोड. तो झपाट्याने पसरला. मधल्या मोठ्या वाक्यापुढे आलेख आणि आकडेवारी दबून जातात, अशी टीकाही त्याच्यावर झाली.

पोस्टर हा संभाषणाचा आधार आहे, संशोधन समजावून द्यायचे ते विद्यार्थ्याने. त्यासाठी दोन-तीन मिनिटांचे निवेदन तयार ठेवतात, पण ते घडाघडा म्हणून दाखवणारा विद्यार्थी मध्येच आलेल्या पहिल्या प्रश्नाला अडखळतो. ‘आपला विषय कोणता?’ एवढे आधी विचारून घेतले की कुठून सुरुवात करायची ते ठरवता येते. सर्वांत कठीण जातात ते भोळे वाटणारे प्रश्न : हाच नमुना का निवडला, निष्कर्ष उलटा आला असता तर काय केले असते? उत्तर ठाऊक नसल्यास तसे सांगणे आणि ते कसे शोधता येईल हे सुचवणे जाणकार परीक्षकाला पटते.

तोंडी सादरीकरणाला साधारण १० ते १५ मिनिटे मिळतात व त्यातच प्रश्नोत्तरे उरकावी लागतात. साहित्य, तत्त्वज्ञान किंवा इतिहासातला युक्तिवाद पोस्टरच्या चौकटींत नीट बसत नाही, म्हणून या शाखांचे विद्यार्थी निबंधवाचन पसंत करतात. कलाशाखांत प्रयोग किंवा कलाकृतीच मांडली जाते. पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाने २००८ मध्ये तीन मिनिटांत प्रबंध सांगण्याची स्पर्धा सुरू केली. तेव्हा तिथे दुष्काळ होता आणि आंघोळ आवरती घ्यावी म्हणून न्हाणीघरांत तीन मिनिटांची वाळूघड्याळे लावलेली असत. वेळेची मर्यादा त्यांवरूनच सुचली. या स्पर्धेत एकच स्थिर स्लाइड चालते, साहित्य किंवा उपकरणे चालत नाहीत. ती आता अनेक देशांत होते.

अनेक प्रदर्शनांत पारितोषिके असतात. प्रश्नाची स्पष्टता, पद्धतीची योग्यता, मांडणी आणि उत्तरे यांना गुण देतात. वेगवेगळ्या शाखांचे प्रकल्प एकाच गुणपत्रिकेवर तोलले, की झगमगीत यंत्र शांत ग्रंथालयीन अभ्यासाला मागे टाकते. अपेक्षित परिणाम आढळला नाही असे प्रामाणिकपणे सांगणाऱ्या प्रकल्पाचीही तीच गत होते, आणि हा या पद्धतीतला खरा दोष आहे. शाखानिहाय गट आणि त्या त्या शाखेतले परीक्षक नेमून काही विद्यापीठे तो कमी करतात.

मांडणीपूर्वी सहलेखकांची संमती घ्यावी लागते. प्रयोगशाळेतली अप्रकाशित माहिती एकट्या विद्यार्थ्याची नसते. पेटंटयोग्य शोधाबाबत धोका अधिक आहे, कारण सर्वांना खुल्या असलेल्या कार्यक्रमातले सादरीकरण जाहीर प्रकटीकरण ठरू शकते. अमेरिकेत त्यानंतर अर्ज करण्यास एका वर्षाची सवलत मिळते. युरोपीय पेटंटसाठी मात्र अशा प्रकटीकरणाने शोधाचे नावीन्य सामान्यतः संपते आणि पेटंट मिळत नाही, म्हणून अर्ज दाखल होईपर्यंत असे प्रकल्प प्रदर्शनाबाहेर ठेवतात किंवा शोधाचा गाभा गाळून मांडतात.