कॅनिस्टर फिल्टर सम्पला जोडणे

कॅनिस्टर फिल्टर आणि सम्प या फिश टँकचं पाणी गाळायच्या दोन वेगवेगळ्या पद्धती, आणि आधीच घरात पडलेला कॅनिस्टर फुकट कशाला जाऊ द्यायचा म्हणून तो नव्या सम्पला जोडायचा हा उद्योग बरेच जण करतात. जोडता येतो, पण पाइपची दोन्ही टोकं कुठे सोडली यावर सगळं अवलंबून आहे, कारण लाइट चालू असताना जवळजवळ कुठलीही जोडणी ठीकच वाटते, खरी गंमत लाइट गेल्यावर कळते.

कॅनिस्टर म्हणजे झाकणबंद डबा. टँकखाली ठेवतात, एका पाइपने पाणी आत येतं, स्पंज आणि बायोरिंग (चांगले जिवाणू वाढावेत म्हणून ठेवलेल्या सच्छिद्र कड्या) यांमधून जातं, डोक्यावरची मोटर ते दुसऱ्या पाइपने परत वर पाठवते. दोन्ही टोकं एकाच टँकमध्ये आणि मधलं सगळं पाण्याने भरलेलं, त्यामुळे मोटरला पाणी खरं म्हणजे उचलावं लागतच नाही, जितकं वर जातं तितकंच दुसरीकडून खाली येतं, तिला फक्त पाइप आणि स्पंजच्या अडथळ्याशी भांडायचं असतं. म्हणून मोटर छोटी असून भागतं.

सम्प म्हणजे टँकखाली ठेवलेली, खण पाडलेली उघडी टाकी. वरच्या टँकमधलं जास्तीचं पाणी ओव्हरफ्लोतून, म्हणजे टँकच्या वरच्या काठाजवळ ठेवलेल्या वाटेतून, आपलं आपण खाली पडतं, खणाखणातून फिरतं आणि शेवटच्या खणातला रिटर्न पंप ते वर फेकतो. यातली हुशारी ओव्हरफ्लोत आहे. पंप जितकं वर देईल तितकंच पाणी खाली येणार, पंप थांबला की टँकची पातळी ओव्हरफ्लोच्या काठापर्यंत उतरते आणि पडणं बंद. कॅनिस्टरचा पाइप मध्ये घातला की नेमका हा हिशोब बिघडू शकतो.

सगळ्यात वाईट जोडणी म्हणजे पाणी वरच्या टँकमधून ओढायचं आणि सम्पमध्ये सोडायचं. आकडे बघा. 4 फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टँकमध्ये साधारण 255 लिटर पाणी मावतं आणि पातळी एक इंच उतरली की 14 लिटर खाली येतं. खाली 30 बाय 12 बाय 15 इंचाचा सम्प असेल तर तो काठोकाठ 88 लिटरचा, त्यात निम्मं पाणी आधीच, म्हणजे मोकळी जागा 40 च्या आसपास. कॅनिस्टरचा ओढायचा पाइप पाण्याखाली 12 इंच असेल, तर लाइट गेल्यावर मोटर बंद पडते पण सायफन (भरलेल्या पाइपातून वरचं पाणी आपोआप खाली ओढलं जाणं) चालूच राहतो आणि तो पाइप उघडा पडेपर्यंत थांबत नाही, म्हणजे 160-170 लिटर खाली. तीन इंच उतरायच्या आतच सम्प भरून वाहायला लागतो आणि बाकीचं सगळं फरशीवर. आमच्या इंदूरला मान्सूनच्या आधीच्या वावटळीत लाइट जाणं काही नवीन नाही, मी स्वतः पहिल्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हेच करून बसलो होतो आणि खालच्या काकूंच्या दिवाणावर आमच्या नळाला येणारं नर्मदेचं पाणी ठिबकत होतं, त्या अजून जिन्यात भेटल्या की आधी माशांची चौकशी करतात. लाइट जायलाच हवी असंही नाही, नुसता रिटर्न पंप अडकला आणि कॅनिस्टर चालू राहिला तरी तेच होणार.

उलटी जोडणी, म्हणजे सम्पमधून ओढून वर टँकमध्ये सोडायचं, तत्त्वाने चालते कारण कॅनिस्टर मग रिटर्न पंपाचंच काम करतो आणि ओव्हरफ्लो हिशोब सांभाळतो. पण आता मोटरला पाणी खरोखर तीन-साडेतीन फूट उचलावं लागतं, ज्यासाठी ती बनलेलीच नाही, डब्यावर 1200 लिटर तासाला लिहिलेलं असलं तरी वर पोचणारी धार केविलवाणी असते. शिवाय लाइट गेली की वरचं टोक पाण्यात बुडलेलं असेल तर पाणी त्याच वाटेने उलटं खाली येतं. त्यासाठी ते टोक पृष्ठभागालगत ठेवायचं किंवा पाइपला पातळीच्या जरा खाली 4-5 मिलिमीटरचं भोक पाडायचं, पाणी भोकापर्यंत उतरलं की हवा शिरते आणि सायफन तुटतो. भोकात शेवाळ धरतं, अधूनमधून काडी घालावी लागते. नॉन रिटर्न व्हॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) लावून निर्धास्त झोपणारे पण आहेत, त्या व्हॉल्वमध्ये एखादी गोगलगाय अडकेपर्यंतच ती झोप.

माझ्या मते करायचंच असेल तर दोन्ही टोकं सम्पमध्येच ठेवावीत. पाणी सम्पमधून निघतं, सम्पमध्येच परत पडतं, लाइट असो नसो वरच्या टँकचा संबंधच नाही, पाइप निसटला तर भानगड तेवढीच काय ती सम्पच्या पाण्यापुरती. ओव्हरफ्लो पडतो त्या पहिल्या खणातून ओढावं आणि पुढच्या खणात सोडावं, म्हणजे घाण पाणी आधी डब्यातून जातं. फक्त कॅनिस्टरची धार रिटर्न पंपापेक्षा कमी हवी, नाहीतर पहिला खण रिकामा होऊन मोटर हवा ओढते, खडखडते, आणि फार वेळ कोरडी चालली तर इम्पेलरचा, म्हणजे मोटरमधल्या पाणी ढकलणाऱ्या पंख्याचा, दांडा जातो.

इथे एक अडचण हमखास येते ती उंचीची. कॅनिस्टरमध्ये पाणी आपोआप उतरून आलं पाहिजे, म्हणजे डब्याचं डोकं पाण्याच्या पातळीच्या खाली हवं. सम्प आणि कॅनिस्टर एकाच फळीवर शेजारी ठेवले तर सम्पमध्ये पाणी 9-10 इंच आणि डबा 15-16 इंच उंच, मग डोक्यात हवा साठत राहते आणि रोज डबा हलवून बुडबुडे काढत बसा. त्यापेक्षा सम्पखाली विटा किंवा जाड प्लाय घालून तो उचलावा, डबा जमिनीवर ठेवावा. होजला पीव्हीसीशी जोडायला निपल (जोडनळी) आणि स्टीलची क्लिप इंदूरच्या सियागंज बाजारात हार्डवेअरवाल्याकडे मिळते, आणि दोन्ही पाइपांवर बॉल व्हॉल्व लावलेला बरा, धुवायला डबा काढताना बादली-पोछा वाचतो.

आणखी एक, लाइट तीन-चार तास गेलेली असेल तर कॅनिस्टर तसाच चालू करू नका. बंद डब्यात ऑक्सिजन संपतो, अमोनिया खाणारे चांगले जिवाणू मरायला लागतात आणि आतलं पाणी सडक्या अंड्यासारखं वास मारतं, मोटर सुरू झाली की ते सरळ माशांकडे. आधी उघडून टँकच्याच पाण्यात स्पंज खंगाळावा. सम्प उघडा असल्यामुळे त्याचं एवढं बिघडत नाही.

सगळं जोडून झालं की मेन स्विच मुद्दाम बंद करायचा आणि बघत उभं राहायचं, जवळ बादली ठेवून. पाणी थांबलं की सम्प कुठवर भरला ते दिसतं, काठाच्या दोन इंच खालीच थांबायला हवं, नाहीतर थोडं पाणी काढून पुन्हा बघायचं. मग स्विच चालू करून शेवटच्या खणात पाणी जिथे स्थिरावेल तिथे बाहेरून मार्करने रेघ मारून ठेवायची. मे महिन्यात माळव्यातल्या कोरड्या हवेने पाणी भराभर उडतं आणि ते कमी झालेलं त्याच खणात दिसतं. भर घालायची ती नळाचं साठवलेलं पाणी हायपो (क्लोरीन घालवणारं औषध) टाकून, नळ एकाआड एक दिवस येत असल्यामुळे साठा तसाही घरात असतोच, पण त्या रेघेच्या वर नाही.