अवकाश तंत्रज्ञानाचे पेटंट-संरक्षण

पेटंटाचा हक्क तो देणाऱ्या देशाच्या हद्दीपुरताच चालतो, आणि अवकाशावर तर १९६७ च्या अवकाश कराराच्या दुसऱ्या कलमानुसार कोणत्याही देशाला मालकी सांगता येत नाही. त्यामुळे कक्षेत लागलेल्या किंवा तेथे वापरल्या जाणाऱ्या शोधाचा हक्क कोणत्या कायद्याने बजावायचा, हा या विषयातील मूळ पेच आहे.

त्याच कराराच्या आठव्या कलमाने त्यातून वाट दिली आहे. अवकाशयान ज्या देशाच्या नोंदवहीत असते, त्या देशाची त्यावरील अधिकारिता अवकाशातही कायम राहते. याच आधारावर अमेरिकेने १९९० मध्ये पेटंट कायद्यात तरतूद करून, आपल्या अधिकारितेतील यानावर लागलेला, बनवलेला किंवा वापरलेला शोध काही अपवाद वगळता अमेरिकेतीलच मानला. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या १९९८ च्या कराराचे २१ वे कलमही असेच आहे. त्यानुसार, या स्थानकाचा भाग असलेल्या जपानच्या किबो प्रयोगशाळेतील शोध पेटंटापुरता जपानमध्ये लागलेला ठरतो.

तरीही पळवाट उरतेच, कारण उपग्रहाची नोंदणी अशी तरतूद नसलेल्या देशात झाल्यास हक्कदाराचे हात बांधले जातात. ह्यूज कंपनीकडे स्वतःभोवती फिरणाऱ्या उपग्रहाची दिशा नियंत्रित करण्याचे पेटंट होते, पण १९९३ मध्ये अमेरिकी न्यायालयाने ते ब्रिटनमधून नियंत्रित होणाऱ्या एरियल-५ उपग्रहाला लागू केले नाही.

भारताचा १९७० चा पेटंट कायदा भारतभर लागू असला, तरी त्यात अवकाशयानांविषयी स्वतंत्र तरतूद नाही, आणि २०१७ च्या अवकाश विधेयकाचा मसुदा कायद्यात उतरला नाही. ही उणीव गंभीर आहे, कारण आता खासगी कंपन्याही उपग्रह बनवू लागल्या आहेत. सोलापुरी चादरीचे भौगोलिक मानांकन तिच्या भूभागाशीच बांधलेले असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र सोलापुरातील एखाद्या अभियंत्याने लघुउपग्रहासाठी दिशानियंत्रक बनवला, तर मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे अर्ज करताना त्याने केवळ कक्षेतील क्रियेवर दावा न करता यंत्राची रचना, त्याची निर्मिती आणि भूस्थानकातील संदेश-प्रक्रिया यांवरही स्वतंत्र दावे मांडावेत, म्हणजे उल्लंघन जमिनीवरच सिद्ध करता येते. परदेशात अर्ज करण्यापूर्वी, कलम ३९ नुसार, त्याला भारतात अर्ज करून किमान सहा आठवडे थांबावे लागते किंवा पेटंट कार्यालयाच्या नियंत्रकाची लेखी परवानगी घ्यावी लागते.