जोसेफसवर विश्वास ठेवायचा तरी किती?

इ.स. 66 मध्ये यहुद्यांनी रोमविरुद्ध जो उठाव केला त्याबद्दल कुठलंही पुस्तक उघडा, फिरून फिरून एकाच माणसापाशी येतो आपण, यहुदी इतिहासकार जोसेफस. आणि हा माणूस त्या युद्धात आधी एका बाजूला होता, मग दुसऱ्या.

जन्म इ.स. 37 चा, जेरुसलेमच्या पुरोहित घराण्यातला. उठावात उत्तरेकडच्या गॅलिली प्रांताची जबाबदारी याच्याकडे. 67 मध्ये रोमनांनी तिथल्या योदफात गावाला वेढा घातला, 47 दिवसांनी गाव पडलं, हा चाळीसेक जणांबरोबर गुहेत लपला, शरण जायचं नाही, एकमेकांना मारायचं असं ठरून चिठ्ठ्या टाकल्या आणि शेवटी जे दोघं उरले त्यातला एक हाच! नशीब म्हणावं की देवाची इच्छा, असं तो स्वतःच लिहितो. मग शरण जाऊन सेनापती वेस्पासियनला सांगतो की तू सम्राट होणार. 69 मध्ये तो झालाही. जोसेफसची सुटका झाली, पुढे रोममध्ये घर, नागरिकत्व, पेन्शन आणि सम्राटाच्या घराण्याचं फ्लेवियस हे नावही मिळालं. त्याच्याच लोकांनी त्याला फितूर म्हटलं.

त्यामुळे 70 मध्ये जेरुसलेमचं मंदिर जळलं ते सम्राटपुत्र टायटसच्या मनाविरुद्ध, हे त्याचं म्हणणं मला पटत नाही. कारण त्याच्या युद्धाच्या इतिहासाला मंजुरी टायटसचीच होती, आणि नंतरचा ख्रिस्ती लेखक सुल्पिसियस सेव्हेरस नेमकं उलटं सांगतो. पण नुसता रोमचा भाट म्हणून त्याला सोडून देणंही चूक आहे. युद्धाचा सगळा दोष तो मूठभर 'लुटारूं'वर टाकतो, त्यात उरलेल्या यहुद्यांवरचा रोमचा राग कमी व्हावा ही धडपडही स्पष्ट दिसते.

खरी गंमत त्याच्या आत्मचरित्रात आहे. युद्धाच्या इतिहासात हा गॅलिलीत सेनापती म्हणून जातो, वीसेक वर्षांनी लिहिलेल्या आत्मचरित्रात मात्र लोकांना शस्त्रं खाली ठेवायला समजवायला जातो. मधे तिबेरियासच्या युस्टसने याच युद्धाचा स्वतःचा इतिहास लिहून त्याच्यावर आरोप केले होते. युस्टसचं पुस्तक हरवलं, म्हणून भांडणाची एकच बाजू आपल्याला ऐकू येते.

आकडे तर सोडूनच द्या, जेरुसलेमच्या वेढ्यात 11 लाख मेले म्हणे. पण जमीन खणली की तो बराच खरा निघतो, योदफात आणि रोमनांनी वेढलेलं दुसरं गाव गामला, दोन्हीकडे तटबंदी, दगडी गोळे, बाणांची टोकं सापडली, बंडखोरांचा शेवटचा किल्ला मसादा, त्याभोवतीच्या रोमन छावण्या आणि वर चढायला रोमनांनी रचलेला मातीचा उतार तर आजही दिसतो. मसादावर 960 जणांनी मरण पत्करलं, 2 बायका आणि 5 मुलं वाचली असं तो सांगतो, पण मरणाआधी त्यांचा नेता एलाझार याने केलेलं ते लांबलचक तत्त्वज्ञानी भाषण त्या बायकांनी शब्दशः लक्षात ठेवलं असेल? मला तरी ते जोसेफसचंच लेखन वाटतं.

रोमविरुद्धच्या पुढच्या, 132 च्या बार कोखबा या नेत्याच्या उठावाला तर असा जोसेफसही नाही. रोमन इतिहासकार कॅसियस डिओचा त्रोटक मजकूर, आणि वाळवंटातल्या गुहांत सापडलेली पत्रं, ज्यात स्वतः बार कोखबा कधी सणासाठी खजुराच्या फांद्या मागवतो तर कधी आपल्याच अधिकाऱ्याला पायात बेड्या घालायची धमकी देतो.