वर्गणी दिली म्हणून बाग संस्थेची होत नाही

टिळकवाडी असो, शहापूर असो की निपाणी, बागेसाठी वर्गणी मागायला कुणी आलं की एक वाक्य हमखास कानावर येतं: "आज पैसे घेतील, उद्या बागच बळकावतील." ही भीती खरी वाटते, पण ती चुकीची आहे.

बागेची जमीन सार्वजनिकच राहते. झाडं लावायला, बाकं बसवायला पैसे दिल्याने मालकी बदलत नाही. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क बघा. तिथली संस्था १९८० पासून देणग्या गोळा करते, बागेची रोजची देखभालही तीच करते, तरी बाग आजही शहराचीच आहे.

आपल्या कर्नाटकात तर १९८५ पासून उद्यानं आणि मोकळ्या जागा जपण्यासाठी वेगळा कायदा आहे. बेंगळुरूत बागेसाठी राखलेली जागा रुग्णालयासाठी एका खासगी ट्रस्टला दिली गेली होती. रहिवासी कोर्टात गेले, आणि १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्द ठरवलं. रुग्णालयासारखं चांगलं कारण असूनही! मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण लढणारे साधे शेजारीपाजारीच होते.

मात्र डोळे मिटून पैसे देऊ नका. संस्थेची नोंदणी, पालिकेशी झालेला लेखी करार आणि मागच्या वर्षीचा हिशेब मागा. पावती घ्याच. करात सवलत हवी असेल तर २,००० रुपयांवरची रक्कम रोख देऊ नका, ती वजावटीत धरली जात नाही.