फॅट किती लागली? द्रवातील स्निग्धांश ओळखण्याच्या कसोट्यांची पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही दूध संकलन केंद्रावर सकाळी दोन शब्द हमखास कानावर पडतात. एक ‘फॅट’, म्हणजे स्निग्धांश, आणि दुसरा ‘डिग्री’, म्हणजे लॅक्टोमीटरवरचा आकडा. पंढरपुरी म्हशीचे दाट दूध घेऊन आलेला शेतकरी ‘फॅट किती लागली?’ असे विचारतो, कारण दर त्यावर ठरतो. दुधासारख्या रोजच्या द्रवात स्निग्धांश आहे का आणि किती आहे, हे ठरवण्याची पद्धत मात्र बऱ्याच अडथळ्यांतून घडत आली आहे.

तेल आणि पाणी एकजीव होत नाहीत, हे कळण्यासाठी प्रयोगशाळेची गरज कधीच नव्हती. सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत संक्रांतीच्या सुमारास अडुसष्ट लिंगांना होणाऱ्या तैलाभिषेकाला ‘यण्णीमज्जन’ म्हणतात, त्यातील ‘यण्णी’ म्हणजे कानडीतील तेल. रश्श्यावरचा तवंग पाहून तेलाचा हात सैल होता की आखडता, हे घरोघरी ओळखले जाते. कागदाची कसोटीही तशीच जुनी आहे. शेंगा चटणीची पुडी बांधलेला कागद उजेडासमोर धरला की त्यावरचा डाग अर्धपारदर्शक दिसतो, कारण तंतूंमधील हवेची जागा तेलाने घेतलेली असते. पाण्याचा डाग वाळून जातो, तेलाचा राहतो. रॉकेलचा डागही आधी तेलासारखाच दिसतो आणि नंतर उडून जातो, म्हणून घाईने निष्कर्ष काढणारा येथे फसतो.

तेलाच्या आत काय आहे, याचा उलगडा होण्यास वेळ लागला. 1779 मध्ये कार्ल शेले या रसायनशास्त्रज्ञाने ऑलिव्ह तेल मुरदाडशिंगाबरोबर (शिशाच्या ऑक्साइडबरोबर) तापवून एक गोड, चिकट द्रव वेगळा केला, तेच ग्लिसरीन. पुढे फ्रान्समधील मिशेल शेव्रल यांनी साबणावर वर्षानुवर्षे काम करून चरबी म्हणजे मेदाम्ले आणि ग्लिसरीन यांचा संयोग असल्याचे दाखवले आणि 1823 मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. तरीही मेण, चरबी, तेल अशा भिन्न पदार्थांना एका कुळात बसवणारा गुण रचनेचा नसून विद्राव्यतेचा राहिला: पाण्यात न विरघळणे आणि ईथरसारख्या विद्रावकात विरघळणे. पदार्थाची ओळख तो कशात विरघळत नाही यावरून करून देणे काहीसे चमत्कारिक आहे, पण पुढील बहुतेक कसोट्या याच गुणावर उभ्या राहिल्या.

खरी पंचाईत केली ती दुधाने. दुधातील स्निग्धांशाचे सूक्ष्म गोलक प्रथिनयुक्त पटलात गुंडाळलेले असल्यामुळे दुधात नुसते ईथर घालून हलवले तरी सगळा स्निग्धांश सहजी बाहेर येत नाही. फ्रान्झ सॉक्सलेट यांनी 1879 मध्ये आपले प्रसिद्ध निष्कर्षण उपकरण दुधातील स्निग्धांश मोजण्यासाठीच बनवले. परंतु त्यासाठी दूध आधी सुकवावे लागे, आणि कॅन घेऊन रांगेत उभ्या असलेल्या माणसाला तेवढी सवड नसते.

लॅक्टोमीटर हाती होता, पण तो घनता मोजतो, आणि तेथेच लबाडीला वाव होता. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असल्याने साय काढली की दुधाची घनता वाढते. मग बेताने पाणी घातले की ती पुन्हा खाली येते आणि ‘डिग्री’ अगदी बरोबर लागते. म्हणजे मालकाने साय ठेवून घ्यायची, वर पाणी विकायचे आणि लॅक्टोमीटरने त्यावर शिक्का मारायचा. दर केवळ वजनावर असे तोवर प्रामाणिक दूधवाल्याचेच नुकसान होई.

ही कोंडी दोघांनी जवळजवळ एकाच वेळी फोडली. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात स्टीफन बॅबकॉक यांनी 1890 मध्ये आपली कसोटी प्रसिद्ध केली आणि तिचे पेटंट घेतले नाही. स्वित्झर्लंडमधील निकलाउस गर्बर यांनी 1891 मध्ये स्वतःच्या पद्धतीचे पेटंट घेतले. आपल्याकडे गर्बरची पद्धत रुळली. नळीत 10 मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल, त्यावर अलगद 10.75 मिलिलिटर दूध आणि 1 मिलिलिटर अमाइल अल्कोहोल घालून बूच लावतात व हलवतात. नळी हाताला चटका बसेल इतकी तापते, दूध तपकिरी काळे होते आणि प्रथिनांचे पटल आम्लात विरघळते. मग यंत्रात फिरवून 65 अंश सेल्सिअसच्या पाण्यात ठेवलेल्या नळीच्या अरुंद मानेत स्वच्छ पिवळा थर उभा राहतो आणि आकडा वाचता येतो.

महाविद्यालयांतील प्रात्यक्षिकांत दोन सौम्य कसोट्या आढळतात. 1896 पासून ऊतींमधील मेद दाखवण्यासाठी वापरात असलेला सुदान 3 हा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून नमुन्यात तेल असल्यास त्याचा थर तांबडा होतो. सुदान गटातील रंगांचा हाच गुण मिरचीपुडीत भेसळ करणाऱ्यांनाही ठाऊक असतो, आणि खाद्यपदार्थांत त्यांना बंदी आहे. दुसऱ्या कसोटीत नमुना अल्कोहोलमध्ये हलवून तो पाण्यात ओततात. स्निग्धांश असल्यास दुधाळ गढूळपणा येतो. करडईच्या तेलावर ही कसोटी उत्तम उठते, पण मुळातच पांढऱ्या असलेल्या दुधावर ती करून काहीच कळत नाही, हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेले बरे.

आता बऱ्याच केंद्रांवर ध्वनिलहरींवर चालणारी यंत्रे काही सेकंदांत फॅट आणि डिग्री दोन्ही दाखवतात. पडद्यावरच्या आकड्याबद्दल तक्रार आली, तर त्याच दुधाचा नमुना गर्बरच्या नळीत घालून पडताळता येतो.