एकाच पिशवीतल्या दोन गोळ्या: पॅरासिटामॉल आणि ट्रामाडॉल

नागपूरच्या धंतोलीतल्या आमच्या औषधाच्या दुकानात हर्नियाचं ऑपरेशन झालेला माणूस सुट्टी होऊन येतो, तेव्हा सोबतच्या मुलाला नरखेडची गाडी गाठायची घाई असते. काउंटरवर दोन पाकिटं ठेवली की तो विचारतो, "दोन्ही दुखण्याच्याच ना भाऊ? मंग ज्यानं लवकर थांबते, तेच देतो बाबाले."

दोन्ही दुखण्याच्याच, हे खरं. पण एक रोजची आहे आणि दुसरी अडीअडचणीची.

रोजची म्हणजे पॅरासिटामॉल. ही दुखायची वाट न पाहता, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी, घड्याळ पाहून घ्यायची. हिची गुंगी येत नाही, सवय लागत नाही. मोठा धोका लिव्हरचा: धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि वजन कमी असेल किंवा दारूची सवय असेल तर त्याहून कमी. ऑपरेशननंतरचं बरंचसं दुखणं हिच्यावर आणि डॉक्टरांनी चालतील म्हटलेल्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांवर निभतं.

अडीअडचणीची म्हणजे ट्रामाडॉल. ते अफूच्या गुणाचं औषध आहे, फक्त कारखान्यात तयार होतं. मॉर्फिन शरीरात जिथे जाऊन काम करतं, तिथेच हेही करतं. म्हणून दुखणं दबतं, पण सोबत मळमळ, चक्कर, झोप येते. काहींना फिटचे झटके येऊ शकतात. दारू किंवा झोपेची गोळी सोबत गेली तर श्वास मंदावतो, जिवावर बेततं. आणि पोट घट्ट होतं. ही गोष्ट मी प्रत्येकाला थांबवून सांगतो, कारण लोकांना ती किरकोळ वाटते. हर्नियाचे टाके ताजे असताना संडासला कुंथावं लागलं तर सगळा जोर तिथेच येतो. मुलगा म्हणतो बाबांना टाके दुखतात, आणखी एक गोळी देतो. त्या गोळीने पोट अजून घट्ट होतं. चौथ्या दिवशी फोन येतो तो बहुतेक याचाच.

गोंधळ वाढवणारी तिसरी चीज म्हणजे दोघांची एकत्र गोळी: ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल, ३२५ पॅरासिटामॉल. वर साधी पॅरासिटामॉलही चालू ठेवली तर नकळत पॅरासिटामॉलचा डोस दोनदा जातो. पाकिटावर मोठ्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं ते कुणाकडून तरी वाचून घ्या.

कायद्यालाही हा फरक कळतो. ट्रामाडॉल २०१४ पासून एच-१ यादीत आहे: चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, रुग्णाचं नि डॉक्टरांचं नाव रजिस्टरला चढवायचं. २०१८ मध्ये ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं.

मग ट्रामाडॉलच्या गरजेपेक्षा जास्त गोळ्या लिहिल्या का जातात? बरेचदा मायेपोटी. भामरागडचा माणूस रात्री दुखलं म्हणून परत नागपूरला कसा येणार, असा विचार करून डॉक्टर तीन दिवसांऐवजी दहा दिवसांच्या लिहितात. मला ही माया समजते, पण हिशोब पटत नाही. जामा सर्जरी या अमेरिकन नियतकालिकात २०१७ साली सहा अभ्यासांचा आढावा आला होता. ऑपरेशननंतर अफूच्या गुणाची औषधं मिळालेल्यांपैकी ६७ ते ९२ टक्के लोकांकडे गोळ्या उरल्या होत्या. आपल्याकडे उरलेलं पाकीट पत्र्याच्या डब्यात जातं. मग आजीचे गुडघे दुखतात, धाकट्याची कंबर धरते, आणि "बाबाले लागू पडली होती" एवढ्यावर ती गोळी दिली जाते.

त्यापेक्षा थोड्या गोळ्या आणि तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून एक फोन, हे अंतरावरचं खरं औषध आहे. कॅन्सरच्या दुखण्याचं गणित मात्र वेगळं. तिथे मॉर्फिन लागतं तेवढं मिळालंच पाहिजे, आणि ही काटकसर त्या रुग्णांवर लादू नये.

सुट्टी होताना डॉक्टरांना एवढं विचारा: यातली घड्याळाने कोणती, फारच दुखलं तर कोणती, आणि दुसरी किती दिवसांनी बंद? मी उत्तर स्केच पेनाने पाकिटावरच लिहून देतो. ट्रामाडॉल आठ-दहा दिवस सलग घेतलं असेल तर झटक्यात थांबवू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा. उरलेलं ट्रामाडॉल डब्यात ठेवू नका. गोळ्या पाकिटातून काढून संडासात टाका आणि भरपूर पाणी ओता.