नाटक ऐकू येत नाही, यात दोष कोणाचा?

नाट्यगृहात मागच्या रांगेतून "आवाज!" अशी आरोळी आली की सगळ्यांना वाटतं माइकचा लोचा आहे, नाहीतर नट पुटपुटतोय. पण बरेचदा आवाज भरपूर पोचलेला असतो, तो जायचं नाव घेत नाही ही खरी भानगड. म्हणजे बघा, नट "काका" म्हणाला तर त्यातला "आ" भरभक्कम असतो आणि "क" म्हणजे जेमतेम काही मिलिसेकंदांचा फटका, त्यामुळे भिंतींवर आपटून घुमत राहिलेला आधीचा "आ" पुढच्या "क"च्या उरावर बसतो आणि मागच्या माणसाला काका की पापा की ताता काही कळत नाही. व्हॉल्यूम वाढवून काय होणार, घुमणारा "आ"पण तेवढाच वाढतो ना.

हे घुमणं पहिल्यांदा नीट मोजलं वॉलेस सबाइनने. १८९५ साली हार्वर्डमधल्या फॉग म्युझियमच्या नव्याकोऱ्या लेक्चर हॉलमध्ये बोललेलं एक अक्षर कळेना, म्हणून ते काम फिजिक्स शिकवणाऱ्या या २७ वर्षांच्या पोराच्या गळ्यात पडलं. त्याने काय करावं, तर रात्री जवळच्या सँडर्स थिएटरमधल्या गाद्या उचलून आणायच्या, हॉलमध्ये मांडायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करायची आणि सूर कानाला ऐकू यायचा कधी थांबतो ते मोजायचं, मग गाद्या परत नेऊन ठेवायच्या. रिकाम्या हॉलमध्ये सूर साडेपाच सेकंदांहून जास्त रेंगाळायचा, तेवढ्यात माणूस दहा-पंधरा शब्द बोलून मोकळा होतो! गाद्या भरत गेल्यावर तोच वेळ सव्वा सेकंदाच्याही खाली आला. आणि याचा काटेकोरपणा किती, तर आपल्या अंगावरच्या कपड्यांमुळे आकडे बदलतायत असं लक्षात आल्यावर त्याने तीन हजारांवर नोंदी सरळ फेकून दिल्या आणि पुढे मोजताना कायम तेच कपडे घातले.

मोजायचं एकक त्याने भारी काढलं, उघडी खिडकी. खिडकीतून बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, मग प्रत्येक गोष्ट किती चौरस मीटर उघड्या खिडकीइतका आवाज गिळते ते बघायचं. त्यावरून आलेलं सूत्र आजही वापरतात: हॉलचं घनफळ गुणिले ०.१६१, भागिले एकूण शोषण (म्हणजे सगळं मिळून किती चौरस मीटर उघडी खिडकी), की घुमण्याचा वेळ सेकंदात मिळतो.

आता गंमत बघा. खुर्चीत बसलेला एक माणूस साधारण अर्ध्या चौरस मीटरच्या आसपास उघडी खिडकी असतो. समजा हॉल ५००० घनमीटरचा आहे, खुर्च्या लाकडी आहेत आणि रिकामा असताना एकूण शोषण ३५० आहे, तर घुमण्याचा वेळ येतो २.३ सेकंद. नऊशे प्रेक्षक बसले की शोषणात ४०० ची भर आणि वेळ थेट १.१ सेकंदावर! संवादांना एक सेकंदाच्या आसपास बरं पडतं. म्हणजे या हॉलमधलं सगळ्यात महत्त्वाचं मटेरियल तिकीट काढून आत येतं, आणि रिकाम्या हॉलमध्ये तालीम करून आवाज सेट केला तर संध्याकाळी तो चुकणारच. जाड गादीच्या खुर्च्या लावायचं एक कारण हेच, खुर्ची रिकामी राहिली तरी तिने माणसाएवढा नाही तरी त्याच्या जवळपास आवाज गिळावा. निम्म्या हाउसला प्रयोग करणाऱ्या मंडळींना याचं मोल जास्त.

आपल्या भरतमुनींना हे सूत्र नव्हतं, पण नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात मधल्या आकाराचं नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद (हात म्हणजे साधारण दीड फूट) सांगितलंय, त्याहून मोठं केलं तर शब्द अस्पष्ट होतात असंही बजावलंय, आणि वारा आत येऊ नये, खिडक्या लहान असाव्यात हेही आहे. लांबीतला निम्मा भाग रंगमंच-नेपथ्याचा, म्हणजे प्रेक्षक जेमतेम ४८ फुटांत. एवढ्यात माइक कशाला लागतोय.

बरं, मग सगळीकडे पडदे आणि फोम लावला तर? तर हॉल मेलेला वाटतो. कारण थेट आवाजामागून साधारण ५० मिलिसेकंदांच्या आत येणारा पडसाद कान वेगळा ऐकतच नाही, मूळ आवाजातच मिळवून टाकतो, तो तर आपल्याला हवाच असतो. म्हणून काही भिंतींनी आवाज गिळायचा नाही, विखरायचा. इथे मॅनफ्रेड श्रोडर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात चक्क अंकगणित आणलं. ०, १, २, ३ असे आकडे घ्या, वर्ग करा, ७ ने भागा, बाकी येते ०, १, ४, २, २, ४, १. भिंतीत या प्रमाणात कमी-जास्त खोल खाचा केल्या की आवाज एकाच दिशेला परत न जाता सगळीकडे पसरतो. शाळेत बाकी काढून काय उपयोग म्हणणाऱ्यांना दाखवावी अशी भिंत.

या सगळ्यात नटाचा गळा राहिलाच. गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे पॅरिसचे कान-घशाचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी १९११ मध्ये दाखवलं, आणि ते ठरवून थांबवणं फार अवघड. बोलताना पुरुषाच्या स्वरपट्ट्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा, बाईच्या दोनशेच्या आसपास एकमेकींवर आपटतात, आवाज चढला की जास्त जोरात. एसीची घरघर चालू असलेल्या हॉलमध्ये महिनोन्महिने प्रयोग झाले की पट्ट्यांवर गाठी यायची भीती असते. मग डॉक्टर मौन सांगतात, व्हॉइस थेरपी सांगतात, नट बरा होतो आणि परत त्याच हॉलमध्ये उभा राहतो. माझं मत विचाराल तर निम्मं औषध एसीच्या डक्टला द्यायला पाहिजे: डक्ट रुंद करून हवेचा वेग निम्म्यावर आणला तर तिचा फुसफुसाट पंधरा डेसिबलच्या आसपास उतरतो, आणि डक्टला आतून अस्तर लावलं की पंख्याची घरघरही बरीच दबते.